उपचार किती गुणकारी, किती सुरक्षित? क्लिनिकल संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि नर्सिंग-फार्मसीचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अवघड होत जातात. एक विनंती आधीच: इथे वाचलं म्हणून चालू औषध परस्पर बंद करू नका. शंका आली तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

१. माझ्या ओळखीतल्या तिघांना एका औषधाने गुण आला. मग ट्रायल कशाला हवी?

तिघांना बरं वाटलं हे खरंच आहे. ते औषधामुळे वाटलं का, एवढंच ठरायचं असतं. बरेच आजार आपोआप उतरतात. संधिवात, अर्धशिशी, दमा यांचे चढ-उतार चालूच असतात, आणि माणूस नवं औषध शोधायला निघतो तो दुखणं असह्य झाल्यावर. त्यानंतर काहीही घेतलं, तरी पुढचे दिवस बहुधा त्याहून बरेच जातात. शिवाय ज्यांना गुण येतो ते दहा जणांना सांगतात; ज्यांना येत नाही ते मुकाट्याने दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. म्हणून तशाच आजाराच्या, पण ते औषध न घेतलेल्या रुग्णांचं त्याच काळात काय झालं हे पाहावं लागतं. ट्रायल, म्हणजे उपचाराची माणसांवर घेतलेली चाचणी, तेच करते.

२. ट्रायल म्हणजे आमच्यावर प्रयोगच ना?

हो, प्रयोगच. हा शब्द लपवायचं कारण नाही. मात्र काय करायचं, काय मोजायचं आणि कधी थांबायचं हे आधी लिहून, एथिक्स कमिटीकडून (रुग्णांचं हित आणि हक्क जपणाऱ्या समितीकडून) तपासून घेतलेला आणि रुग्णाने समजून-उमजून होकार दिलेला असा तो प्रयोग असतो. हे नियम फार किंमत मोजून आले. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून आली, १९६४ मध्ये माणसांवरच्या संशोधनाची तत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा आला. तरीही अमेरिकेत टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं नुसतं 'निरीक्षणाखाली' ठेवलं गेलं. पेनिसिलिन हे त्यावरचं औषध मिळू लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही. संमतीबद्दलच्या बारकाव्यांसाठी प्रश्न १८ पाहा.

३. फेज १, २, ३, ४ यांत फरक काय?

फेज १ मध्ये थोड्या माणसांत, बहुतेक वेळा निरोगी स्वयंसेवकांत, डोस शरीराला झेपतो का ते पाहतात. फेज २ मध्ये काहीशे रुग्णांत गुणाची चुणूक दिसते का आणि योग्य डोस कोणता, ते ठरतं. फेज ३ मध्ये शेकडो ते हजारो रुग्णांत रूढ उपचाराशी किंवा प्लासिबोशी (दिसायला औषधासारख्या, पण औषध नसलेल्या गोळीशी) तुलना होते. फेज ४ म्हणजे औषध बाजारात आल्यानंतरचं लक्ष.

पहिला टप्पा माणसं थोडी म्हणून बिनधोक, असं समजू नका. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन १४१२ नावाचं औषध सहा स्वयंसेवकांना काही मिनिटांच्या अंतराने एकापाठोपाठ दिलं गेलं. प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या डोसचा तो जेमतेम पाचशेवा भाग होता. तरीही सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले. सगळे वाचले, पण अवयव निकामी होण्यापर्यंत पाळी आली. आता नवं औषध आधी एकालाच देऊन, पुरेशी वाट पाहून मगच पुढच्याला देतात.

४. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर का ठरवत नाहीत? चिठ्ठ्या टाकणं योग्य आहे का?

डॉक्टरांनी ठरवलं की नकळत निवड होते. नवं औषध कधी तब्येतीने बऱ्या रुग्णाला दिलं जातं, कधी हाताबाहेर गेलेल्याला. मग शेवटी दिसलेला फरक औषधाचा की मुळातल्या प्रकृतीचा, ते सांगता येत नाही. रँडम वाटपात, रुग्णसंख्या पुरेशी असेल तर, वय आणि आजाराची तीव्रता दोन्ही गटांत सारखी विभागली जाते. आपल्याला माहीतही नसलेल्या गोष्टीसुद्धा.

१९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटिश ट्रायल याचा पाया मानली जाते. औषध इतकं तुटपुंजं होतं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं. तेव्हा बंद पाकिटांतून वाटप ठरवलं. क्षयाच्या रुग्णांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. मात्र पाच वर्षांनी हे अंतर बरंच आटलं होतं, कारण जंतू एकट्या औषधाला दाद देईनासे झाले. क्षयावर एकाच वेळी अनेक औषधं देण्यामागचं एक मोठं कारण हेच. सहा महिन्यांचा निकाल पाच वर्षांचा निकाल नसतो, एवढं इथे ध्यानात ठेवा.

५. मला प्लासिबो मिळालं तर? आजार अंगावर काढायचा?

चांगला उपचार उपलब्ध असताना तो काढून घेऊन नुसतं प्लासिबो देणं गंभीर आजारात मान्य नाही. अशा वेळी रूढ उपचार दोन्ही गटांना चालू राहतो. त्यावर एका गटाला नवं औषध आणि दुसऱ्याला प्लासिबो मिळतं. संमतिपत्रात हे स्पष्ट लिहिलेलं असतं. नसेल तर सही करण्याआधी विचारा.

शस्त्रक्रियेलाही प्लासिबो असतो. गुडघ्याच्या झिजेवर दुर्बिणीने करायच्या शस्त्रक्रियेची २००२ मध्ये १८० रुग्णांत अशी तुलना झाली. काहींना फक्त त्वचेवर छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांपर्यंत वेदना आणि चालणं-फिरणं यांत खऱ्या शस्त्रक्रियेचा गट कुठेही सरस ठरला नाही. ही तुलना झाली नसती, तर शस्त्रक्रियेनंतर बरं वाटल्याचं श्रेय शस्त्रक्रियेलाच मिळत राहिलं असतं.

६. औषधाने रिपोर्ट सुधारले. म्हणजे रुग्ण सुधारला ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, म्हणून उत्तर लांब आहे. रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, गाठीचा आकार हे मधले आकडे. रुग्णाला हवं असतं ते वेगळंच: जगणं, झटका न येणं, जिना चढता येणं, रात्री शांत झोप. मधला आकडा सुधारला की पुढचंही सुधारेल ही आशा रास्त आहे, पण ती पडताळून पाहावी लागते.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांच्या ठोक्यांत मध्येच जादा ठोके येतात, त्यांच्यात अचानक मृत्यू जास्त होतात, हे १९८० च्या दशकात डॉक्टरांना ठाऊक होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते जादा ठोके हमखास दाबत. ईसीजीची पट्टी स्वच्छ दिसे. तर्कात काही चूक दिसत नव्हती आणि औषधं वापरातही होती. मग 'कास्ट' या ट्रायलमध्ये, ज्यांचे ठोके या औषधांनी ताळ्यावर आले होते अशाच रुग्णांचे दोन गट करून एकाला औषध आणि दुसऱ्याला प्लासिबो दिलं. १९८९ मध्ये या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. औषधावरच्या ७५५ पैकी ६३ जण दगावले होते, प्लासिबोवरच्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला होता, माणसं मात्र दुपटीहून जास्त गेली.

हे एकच उदाहरण नाही. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने 'चांगलं' कोलेस्टेरॉल भरघोस वाढवलं, पण मृत्यू वाढल्याने त्याची मोठी ट्रायल डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. 'अकॉर्ड' ट्रायलमध्ये टाइप २ मधुमेहाच्या सुमारे दहा हजार रुग्णांपैकी निम्म्यांची साखर फार काटेकोरपणे खाली आणली गेली. त्या गटात २५७ मृत्यू झाले, नेहमीच्या उपचाराच्या गटात २०३. साखर आटोक्यात ठेवायलाच हवी. पण ती किती खाली आणायची आणि कुणात, हे साखरेच्या आकड्यावरून कळत नाही.

काही मधले आकडे मात्र भरवशाचे ठरले आहेत. रक्तदाब कमी केला की पक्षाघात कमी होतात, हे अनेक ट्रायलमधून पक्कं झालं आहे. आणि जे रुग्णालाच कळतं ते रुग्णालाच विचारतात: 'ईक्यू-५डी' ही प्रश्नावली चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना आणि चिंता-नैराश्य या पाच गोष्टी विचारते. बातमी वाचताना 'मोजलं काय?' हे आधी शोधा.

७. 'धोका २६ टक्क्यांनी वाढला' हे वाचून घाबरायचं का?

२६ टक्के कशाचे, ते आधी पाहा. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन ही हार्मोन एकत्र देण्याची मोठी अमेरिकन ट्रायल २००२ मध्ये थांबवली, तेव्हा स्तनाच्या कर्करोगाबद्दल हाच आकडा गाजला. प्रत्यक्षात दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला प्लासिबो गटात ३० आणि औषधाच्या गटात ३८ जणींना तो झाला. म्हणजे १०,००० मागे आठ जास्त. हे आठ क्षुल्लक नाहीत, पण '२६ टक्के' ऐकून मनात उभं राहतं ते चित्रही खरं नाही.

फायद्यालाही हाच नियम. धोका १०० पैकी २० वरून १० वर आला तरी 'निम्मा', आणि १,००० पैकी २ वरून १ वर आला तरी 'निम्मा'. पहिल्यात एकाला वाचवायला दहा जणांना औषध द्यावं लागतं, दुसऱ्यात हजार जणांना. जाहिरातीत फायदा टक्क्यांत आणि तोटा 'हजारात एक' असा सांगितलेला दिसला, तर दोन्ही एकाच मापात मांडून पाहा.

८. गोळ्यांबरोबरच्या कागदावर साइड इफेक्टची एवढी लांब यादी असते. औषध घ्यायचं की नाही?

यादीच्या लांबीपेक्षा शब्दांकडे लक्ष द्या. 'अतिशय सामान्य' म्हणजे दहात एक किंवा जास्त, 'सामान्य' म्हणजे शंभरात एक ते दहात एक, 'असामान्य' हजारात एक ते शंभरात एक, 'दुर्मिळ' दहा हजारात एक ते हजारात एक, 'अतिदुर्मिळ' त्याहून कमी.

त्रास होणार असं मनात बसलं की त्रास होतो, आणि तो खरा असतो. त्रासामुळे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) सोडलेल्या ६० जणांवर 'सॅमसन' ट्रायल झाली. त्यांनी काही महिने स्टॅटिन, काही महिने प्लासिबो आणि काही महिने काहीच न घेता रोज त्रासाची नोंद केली. स्टॅटिनवर जेवढा जादा त्रास झाला, त्याच्या सुमारे ९० टक्के प्लासिबोवरही झाला. आपापले निकाल पाहिल्यावर निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केलं. 'मनाचे खेळ' म्हणून रुग्णाला गप्प करायला कुणी हा निकाल वापरू नये. ते निम्मे परतले ते स्वतःच्याच नोंदी बघून.

९. 'तीव्र' आणि 'गंभीर' दुष्परिणाम एकच ना?

नाही. तीव्र म्हणजे त्रास किती जोराचा. गंभीर म्हणजे परिणाम काय: मृत्यू, जिवावर बेतणं, रुग्णालयात दाखल व्हावं लागणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष. भयंकर डोकेदुखी तीव्र असूनही गंभीर नसेल. सौम्य पक्षाघात मात्र गंभीरच.

१०. सगळ्या ट्रायल पार केलेलं औषध नंतर मागे का घेतलं जातं? आधी झोपले होते का सगळे?

कधीकधी हलगर्जीपणा होतो, पण बहुतेक वेळा गणितच आडवं येतं. ३,००० जणांना औषध दिलं आणि एखादा दुष्परिणाम एकालाही झाला नाही, तर छातीठोकपणे एवढंच म्हणता येतं की तो बहुधा हजारात एकापेक्षा जास्त नसावा. ३ भागिले रुग्णसंख्या, असा हा साधा हिशोब. दहा हजारात एकाला होणारी गोष्ट त्या ट्रायलमध्ये दिसेलच असं नाही.

बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरची एक लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली आणि १९९९ मध्ये मागे घेतली गेली, कारण सुमारे दहा हजारात एका बाळाला आतड्यात आतडं अडकण्याचा त्रास होत होता. पुढच्या दोन लसींच्या ट्रायल मग प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर झाल्या, मुद्दाम हेच पाहायला.

दुसरी अडचण वेळेची. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ मध्ये मागे घेतलं गेलं. ज्या ट्रायलमुळे ते घडलं, तिच्यात हृदयविकार-पक्षाघाताचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं, पण दोन गटांतली तफावत साधारण दीड वर्षानंतर उघड झाली. सहा महिन्यांच्या ट्रायलमध्ये ती कशी दिसावी? त्याआधीच्या एका ट्रायलमध्ये इशारा मिळाला होता, तो पुरेसा मनावर घेतला गेला नाही, हेही सांगायलाच हवं.

११. औषध घेतल्यावर मला त्रास झाला. तो औषधामुळेच, हे कसं ठरवतात?

औषधानंतर झालेला कोणताही त्रास आधी 'घटना' म्हणूनच नोंदतात. मग पाहतात: वेळ जुळते का, औषध थांबवल्यावर त्रास ओसरला का, दुसरं काही कारण आहे का, हा परिणाम आधी माहीत आहे का. एका रुग्णात खात्रीने सांगता येणं विरळाच. पण अशा नोंदी जगभरातून एकत्र आल्या की त्यांत सूत्र दिसू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमातल्या या नोंदी स्वीडनमधल्या उप्साला केंद्रात जमा होतात. म्हणून 'खात्री नाही' या कारणाने कळवायचं टाळू नका. संशय पुरेसा आहे. औषधाचं नाव, बॅच नंबर, डोस, सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवा.

१२. आजीचं वय ८४, तिला चार आजार. ट्रायलमधले रुग्ण तर पन्नाशीतले. ते निकाल तिला लागू होतात का?

अंशतः. औषधाची दिशा बहुधा तीच राहते, पण तोल बदलतो. मूत्रपिंड मंदावलेलं असतं, इतर औषधांशी गाठ पडते आणि फायदा पदरात पडायला लागणारी वर्षंही मोजकी असतात. 'या ट्रायलमध्ये तिच्यासारखे किती जण होते?' हा डॉक्टरांना विचारण्याजोगा रास्त प्रश्न आहे.

गरोदर स्त्रियांचा प्रश्न याहून कठीण. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचं निर्धोक औषध म्हणून आलं, गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं गेलं आणि १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांतले व इतर दोष घेऊन जन्मली. अमेरिकेत एफडीए या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली. तेव्हापासून गरोदर स्त्रियांना ट्रायलमधून वगळण्याकडे कल राहिला. त्याने त्या सुरक्षित झाल्या असं मला वाटत नाही. औषधं त्यांना घ्यावी लागतातच, फक्त माहितीशिवाय.

१३. एकूण निकाल साधारण, पण 'माझ्यासारख्या' रुग्णांत फायदा जास्त दिसला. ते धरून चालू का?

जपून. आयसिस-२ या १९८८ च्या ट्रायलमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांत अॅस्पिरिनने मृत्यू स्पष्ट कमी झाले. मग संशोधकांनी मुद्दाम जन्मतारखेवरून राशी पाडल्या. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांत अॅस्पिरिनने उलट थोडं नुकसानच दिसलं! कुठलीही ट्रायल पुरेसे तुकडे करून पाहिली की एखादा तुकडा योगायोगाने वेगळा निघतोच.

पण प्रत्येक उपगट राशीसारखा नसतो. कोविडच्या 'रिकव्हरी' ट्रायलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांत मात्र फायदा दिसला नाही, आकडा नुकसानीकडेच झुकलेला होता. इथे उपगट आधीच ठरलेले होते, आजार वाढेल तसा फायदा पायरीपायरीने वाढत होता आणि तसं का व्हावं याला शरीरशास्त्रात कारण होतं. या तीन गोष्टी असतील तर उपगटाकडे गांभीर्याने पाहा.

१४. ट्रायल मध्येच थांबवली की औषध वाईट, असं समजायचं का?

नाही. संशोधकांपासून स्वतंत्र अशी समिती अधूनमधून आकडे पाहते. नुकसान दिसलं, फायदा निर्विवाद दिसला किंवा पुढे काही हाती लागणार नाही असं दिसलं, तर ती थांबवायला सांगते. फायद्यामुळे लवकर थांबवलेल्या ट्रायलमध्ये तो फायदा फुगलेला दिसण्याची शक्यता असते, कारण आकडा नेमका उंचीवर असताना मोजणी थांबलेली असते.

१५. लाखो रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरवर आहेत. त्याच तपासल्या तर ट्रायल कशाला?

प्रश्न ७ मधल्या हार्मोनबद्दल आधीच्या निरीक्षणांतून वाटत होतं की त्याने हृदय सांभाळलं जातं. पण ते घेणाऱ्या स्त्रिया मुळातच जास्त सुस्थितीतल्या आणि तब्येतीची काळजी घेणाऱ्या होत्या. ट्रायलमध्ये तो फायदा दिसला नाही. नोंदी लाखाच्या असल्या तरी असला मूळचा फरक पुसला जात नाही.

तरीही नोंदींची जागा मोठी आहे: दुर्मिळ दुष्परिणाम, वीस वर्षांनंतरची स्थिती, बसवलेले सांधे. स्वीडनमध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंद १९७९ पासून ठेवली जाते. कोणता सांधा लवकर निकामी होतो हे अशा नोंदीतूनच कळतं.

१६. एका रुग्णालयाचा मृत्युदर जास्त आहे. तिथे जाऊ नये का?

अवघड रुग्ण जिथे पाठवले जातात तिथे मृत्यू जास्त होणारच. वय, आजाराची तीव्रता, तातडीने दाखल झाले का, हे धरून जुळवलेला दर नसेल तर तुलना करू नका.

सुधारणेच्या दाव्यांनाही हीच कसोटी लावा. शस्त्रक्रियेआधीच्या सुरक्षा-चेकलिस्टचा २००९ चा अभ्यास आठ रुग्णालयांत झाला, मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओत १०१ रुग्णालयांत पाहिलं, तर ०.७१ वरून ०.६५, म्हणजे ठाम म्हणावा असा फरकच नाही. चेकलिस्ट निरुपयोगी, असा याचा अर्थ मी लावत नाही. नुसत्या खुणा करणं आणि पूर्ण टीमने थांबून एकमेकांशी बोलणं यांत फरक पडतो. पण 'आधी आणि नंतर' एवढ्या तुलनेवर किती भार टाकायचा, हे इथे दिसतं.

१७. 'फरक आढळला नाही' म्हणजे दोन्ही औषधं सारखी ना? आणि असे निकाल छापून तरी येतात का?

सारखी असतीलच असं नाही. कदाचित ट्रायलच लहान होती. समजा २० जणांच्या दोन गटांत ३ आणि ५ मृत्यू झाले, तर यातून काहीच ठरत नाही. 'नवं औषध जुन्यापेक्षा फारसं कमी नाही' हे सिद्ध करायचं तर किती कमी चालेल ते आधी ठरवून मोठी ट्रायल करावी लागते.

छापून येण्याचं म्हणाल, तर असे निकाल कपाटात राहण्याचं दुखणं जुनं आहे. म्हणूनच २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकं सुरुवातीलाच सार्वजनिक नोंदणी केलेल्या ट्रायलच स्वीकारतात. नोंदणीतलं मुख्य मोजमाप आणि शोधनिबंधातलं मुख्य मोजमाप जुळतंय का, हे कुणालाही ताडून पाहता येतं. जुळत नसेल तर निकाल सावधपणे घ्या.

१८. सही केल्यावर ट्रायल सोडता येते का? सोडली तर माझ्या माहितीचं काय? आणि संपल्यावर ते औषध मिळत राहील का?

कधीही सोडता येते, कारण न सांगता, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. फक्त आधी कळवा. स्टेरॉइड, फिटची औषधं, बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयावरची) अशी काही औषधं एकदम तोडली तर धोका असतो. तोवर जमलेली माहिती सहसा ठेवली जाते. ती पुसली तर त्रास झाला म्हणून सोडून गेलेलेच हिशोबातून गायब होतील आणि औषध आहे त्याहून सुरक्षित दिसेल. म्हणून गळालेल्यांनाही त्यांच्या मूळच्या गटातच मोजतात, आणि सोडल्यानंतरही फोनवर तब्येतीची चौकशी होऊ द्याल का, असं विचारतात. शक्य असेल तर हो म्हणा.

औषध पुढे मिळेलच अशी सरसकट हमी नसते. हेलसिंकी जाहीरनाम्यानुसार ट्रायलनंतरची तरतूद आधीच ठरवून संमतीच्या वेळी सांगायला हवी. तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: ट्रायल संपल्यावर औषधाचं काय, इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, आणि रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा.